झोंबेल इतकं मीठ

आईचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत डॉक्टरांनी तिला मीठ, केळं, टोमॅटो, नारळपाणी आणि निम्म्या डाळींपासून लांब ठेवलं. कशाकशापासून लांब राहायचं याचा छापील तक्ता मिळाला होता आणि तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. मार्च संपता संपता एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, फाईल मिटली आणि म्हणाले, "आता त्यांना जे आवडेल ते द्या."

ऐकायला किती प्रेमळ वाक्य आहे. ग्रंथपाल म्हणून मी तीस वर्षं पुस्तकांत काढली, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं सांगणारं वाक्य फार वेळा वाचनात आलेलं नाही.

घरी येऊन मी त्याचा सोपा अनुवाद केला. म्हटलं, डॉक्टर म्हणतात पथ्य जरा सैल केलं तरी चालेल. आई खाटकाची बायको. जनावराची दोरी कधी सैल करतात हे ती माझ्यापेक्षा चांगलं जाणून होती. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "यांना सांग, खारं मटण घाला म्हणावं. फार नको. वाटीभर."

'हे' म्हणजे माझे वडील, आमचे दादा. ते शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी जाऊन निरोप दिला, कारण आमच्या घरात दोघांचं बोलणं बहुतेक असं फिरूनच जायचं. दादांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला. दुकान बंद करून ते दोघं नौपाड्यात माझ्याकडे राहायला आले त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी त्यांचं काम सांगितलं होतं.

दादांचं मटणाचं दुकान कल्याणला, बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानात फ्रिज फार उशिरा आला. त्याआधी सकाळचं मटण दुपारपर्यंत संपवायचं, नाहीतर त्याची काहीतरी सोय लावायची, एवढेच दोन मार्ग. त्या सोयीतली एक म्हणजे खारं मटण. उन्हाळ्यात लोकांच्या गच्च्यांवर पापड आणि कुरडया पडत, तेव्हा आमच्या पत्र्यावर मटणाच्या माळा लागत. ती आमची पावसाळ्याची बेगमी.

कृती सांगायला सोपी आहे. बोकडाच्या मागच्या पायाचं मांस घ्यायचं, चरबी सगळी काढायची, आणि मांसाचा धागा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने बोटभर रुंद, हातभर लांब पट्ट्या कापायच्या. धागा आडवा कापला तर वाळताना तुकडे पडतात. मग हळद आणि जाडं मीठ चोळायचं. मीठ खाडीकडच्या मिठागरातून पोत्याने यायचं, करड्या रंगाचं आणि ओलसर. चोळलेल्या पट्ट्या परातीत ठेवून वर पाटा ठेवायचा. पाणी सुटलं की ते फेकून द्यायचं, दाभणाने पट्ट्या सुती दोरीत ओवायच्या आणि वर जुन्या लुगड्याचा पडदा धरून चार उन्हं द्यायची. पाचव्या दिवशी पट्टी वाकवली की मोडली पाहिजे. कावळे आणि मांजरं हाकलायला काठी घेऊन मला बसवलेलं असायचं. माझं बरंचसं बालवाचन मी त्या माळांखाली बसून केलं आहे. शाळेच्या पुस्तकांना वास येतो अशी बाईंची तक्रार होती.

मीठ किती, हे मात्र कृतीत नव्हतं. कच्चं मांस चाखून बघता येत नाही आणि दादांनी मीठ कधी मोजलं नाही. मी विचारायची, दादा, किती घालायचं? ते म्हणायचे, "झोंबेल इतकं."

याचा अर्थ मला फार उशिरा कळला. खाटकाच्या बोटांवर कायम बारीक कापलेलं असतं. कधी सुऱ्याने, पण जास्त करून हाडाच्या कपचीने. दिसत नाही, दुखतही नाही. पण मीठ चोळायला लागलं की ते सगळं एकदम जागं होतं. दादा चोळत राहायचे. आधी बोटांची टोकं झोंबायची, मग पेरं, मग तळवा. झोंबणं मनगटापर्यंत चढलं की ते थांबायचे आणि हात बादलीत घालायचे. त्यांचं माप ते. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने त्याबद्दल काय म्हणावं हे मला ठाऊक नाही, पण त्या मटणाने आमच्या घरात कोणाचं पोट बिघडलेलं मला आठवत नाही.

पाचव्या दिवशीचा पहिला तुकडा आईचा. दादा तो निखाऱ्यावर भाजायचे, दगडाने ठेचून त्याचे धागे मोकळे करायचे आणि बशीत घालून तिच्यापुढे धरायचे. ती सावकाश चावायची. दादा समोर उभे, फडक्याला हात पुसत. मग ती म्हणायची, "मीठ जरा कमी पडलं." दादा म्हणायचे, "पुढच्या खेपेला बघू." दर वर्षी हेच. मीठ कमी पडलेलं नसायचं, हे मला दहाव्या वर्षीच कळत होतं. आईने दादांच्या हातच्या कुठल्याच गोष्टीला कधी चांगलं म्हटलं नाही आणि दादांना त्याचं कधी वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट ते वाक्य ऐकलं की त्यांचे खांदे सैल व्हायचे.

मध्ये एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी ठाण्यात खाद्यसंस्कृतीवर एक परिसंवाद झाला होता. मी तिसऱ्या रांगेत होते. खादीचं जाकीट घातलेल्या एका वक्त्यांनी पडद्यावर युरोपातल्या कुठल्याशा तळघरातले टांगलेले सॉसेज दाखवले, अर्धा तास त्यांच्या सुगंधाचं वर्णन केलं, आणि मग खेदाने सांगितलं की आपल्याकडे मांस टिकवण्याची कला विकसितच झाली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला आमच्या पत्र्यावरच्या माळा आठवल्या. उरलेल्या मांसाचा खिमा, लसूण आणि मिरची धुतलेल्या आतड्यात भरून, गाठी मारून दादा चुलीच्या धुरावर टांगायचे, तेही आठवलं. त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. नाव नसलं की व्याख्यानात जागा मिळत नाही. उठून हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी उठले नाही. माझ्या कॉलेजच्या फॉर्मपासून सगळीकडे वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' असं लिहीत आले होते, आणि नौपाड्यातल्या माझ्या इमारतीत सगळे मला तेवढंच ओळखत होते. व्याख्यात्यांच्या अज्ञानावर मी घरी येऊन आईपुढे पुष्कळ बोलले. ती म्हणाली, तिथे का नाही बोललीस? मग मी चहा टाकायला गेले.

तर, खारं मटण घालायचं ठरलं. मटण दादांनी स्वतः आणलं. जाड्या मिठासाठी मात्र मला स्टेशनजवळचं सगळं मार्केट पालथं घालावं लागलं, कारण आता सगळीकडे पिशवीतलं पांढरंशुभ्र बारीक मीठ असतं आणि दादा त्याला पावडर म्हणतात. शेवटी एका मसाले कांडणाऱ्याकडे मिळालं. वाळवायचं कुठे, असा प्रश्न आला. दादा म्हणाले, गच्चीवर. गच्चीवर त्या दिवसांत सगळ्या इमारतीचं वाळवण असतं. मी म्हटलं, गॅलरीतच घालू, हिरवी जाळी लावून. गॅलरीत सकाळचे तीन तास ऊन येतं.

"गच्चीवर नको का?"

"गॅलरी जवळ पडते, दादा."

"लाजतेस," ते म्हणाले. रागाने नाही. मटणाचा भाव सांगावा तसं.

त्यांनी पट्ट्या कापल्या त्या बघण्यासारख्या होत्या. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण सुरा हातात आला आणि पाठ सरळ झाली. मग मीठ चोळायला बसले. मी आईची औषधं लावत होते, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने पाहिलं तर ते अजून चोळत होते. मिठाची पिशवी अर्ध्याच्या खाली आली होती. मी विचारलं, इतकं लागतं? ते म्हणाले, लागतं. मला वाटलं, आपल्याला काय कळतं.

पाच दिवसांनी त्यांनी पहिला तुकडा गॅसवर चिमट्यात धरून भाजला, खलबत्त्यात ठेचला आणि बशी आईपुढे धरली. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिने दोन धागे तोंडात घातले, खूप वेळ चघळले. दादा समोर उभे. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चांगलं झालंय."

मला आनंद झाला. मी कायम पुस्तकं वाचणारी, मला दुसरं काय होणार. दादांचा हात फडक्यातच थांबला. आईने बशीतलं सगळं खाल्लं, पाणी मागितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दादा बशी घेऊन स्वयंपाकघरात आले. ताटलीत उरलेला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात धरवत नव्हता. नुसतं मीठ. मी बेसिनकडे धावले. दादांनी त्यांचा तुकडा चावून गिळला आणि वर पाणीही प्यायले नाहीत.

मी म्हटलं, आई चांगलं कशी म्हणाली?

"तिने कधी चांगलं म्हटलंय का?" दादा म्हणाले. "तिला कळलं."

नंतर ते गॅलरीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा अंगठ्याच्या नखाने एकेका बोटाचं टोक दाबून बघत होते. बारा वर्षांत बोटं गुळगुळीत झाली होती, एखाद्या बँकेतल्या माणसाची असावीत तशी. पण गोष्ट तेवढीच नव्हती. शुगरमुळे त्यांच्या हातापायांची संवेदना कमी होत होती आणि हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. गरम भांडं फडक्याशिवाय उचलतात म्हणून मी त्यांचं कौतुक करत असे.

"काही झोंबलंच नाही गं," ते म्हणाले. "म्हणून घालत गेलो."

आईला तो खारटपणा लागला आणि तिने दादांचं मन राखलं, की तिच्या जिभेला आता काहीच लागत नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डायलिसिसची माणसं सांगतात की सगळ्याला लोखंडाची चव येते. दादांनी पहिलं मानलं. आणि तिचा घास राहिला, हे त्यांनी पक्कं मनात घेतलं. दोन दिवसांनी ते पुन्हा मटण घेऊन आले. या वेळी सुरा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मी कधी मांस कापलेलं नव्हतं. आमच्यात सुरा पुरुषांच्या हातात, आतडी आणि पाय साफ करणं बायकांच्या, आणि मी तर त्यातूनही शाळेच्या नावाखाली सुटले होते. एकुलती एक, त्यामुळे दुकान माझ्यापाशीच संपणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं. दादा शेजारी बसून सांगत होते, धागा बघ, धाग्याबरोबर जा, दाबू नकोस, सुऱ्याला जाऊ दे. तिसऱ्या पट्टीला सुरा घसरला आणि डाव्या हाताची दोन बोटं कापली. फार नाही. मी बँडेज आणायला उठले, तर दादांनी मनगट धरलं.

"धुऊन ये. बँडेज नको लावूस."

मी परत आले तोवर उरलेल्या पट्ट्या त्यांनीच कापून परातीत घातल्या होत्या आणि ते मूठमूठ मीठ पसरत होते. म्हणाले, चोळ. मी चोळायला लागले आणि डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"बोटात."

त्यांनी आणखी एक मूठ टाकली. मी चोळत राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, गिऱ्हाईक तराजूकडे बघतं तसे.

"आता?"

"तळव्यापर्यंत आलं. दादा, पुरे."

"मी नाही पुरे म्हणणार. तू सांगायचं. मनगटाला आलं की सांग."

आलं तेव्हा मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरून बादलीत घातला आणि पाण्यातच धरून ठेवला. आतल्या खोलीतून आईने विचारलं, काय चाललंय. दादांनी या वेळी निरोप माझ्याकडे दिला नाही. स्वतःच म्हणाले, "अगं, पोरगी मीठ घालतेय."

माळा मी गच्चीवर नेल्या. समोरच्या काकूंचं वाळवण शेजारीच होतं, सांडगे आणि मिरच्या. काकूंचं वय पंचाहत्तर, घरात अंडंही येत नाही. त्या माळांपाशी थांबल्या आणि हे काय म्हणून विचारलं. मी चाळीस वर्षांची तयारी एकदम सोडून दिली. म्हटलं, मटण आहे, आई खाते, दादांचं कल्याणला मटणाचं दुकान होतं. काकूंनी माळांवरच्या जाळीचं टोक उचलून बघितलं.

"मग जाळी नीट बांध. त्या मांजरीने काल माझे सांडगेसुद्धा सोडले नाहीत."

आणि मिरच्या पालथ्या करायला गेल्या. जी गोष्ट मी आयुष्यभर लपवली, ती त्यांच्या लेखी मांजरीचा प्रश्न होती.

आई सकाळ-संध्याकाळ विचारायची, वाळलं का. माळा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा तिच्या पलंगापाशी बसले होते. म्हणाले, अजून दोन उन्हं लागतील. ती बरं म्हणाली. मग त्यांचा हात घेऊन तिने त्याची बोटं एकेक करून दाबली, जोरात, नखाने. दादा तिच्याकडे बघत राहिले.

त्याच्या पुढच्या सकाळी दहाच्या सुमारास ती गेली. मी चहा गाळत होते. माळांना तिसरं ऊन लागलं होतं, एक राहिलं होतं.

नंतर मी डॉक्टरांना आडून विचारलं, त्या आठवड्यात तिने जरा जास्त खारट खाल्लं होतं, त्याने काही झालं का. ते नाही म्हणाले. ते ज्या तत्परतेने नाही म्हणाले त्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं.

सुतकात मांस घरात शिजत नाही. दिवस दादांनीच केले. भेटायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ आत्म्याच्या प्रवासावर तासभर बोलले. दादांनी त्यांना मध्येच विचारलं, तुम्ही चहा घेणार का. गच्चीवरच्या माळा मी विसरूनच गेले होते. पाचव्या की सहाव्या दिवशी एकदम आठवलं आणि धावत वर गेले. माळा तिथे नव्हत्या. काकूंनी त्या रोज संध्याकाळी उतरवून, स्वतःच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, जिन्याच्या वरच्या कपाटात ठेवल्या होत्या आणि सकाळी पुन्हा घातल्या होत्या. मटणाला हात लागू नये म्हणून दोरी चिमट्याने धरायच्या, असं त्यांनीच सांगितलं. आता वाळलंय बहुतेक, म्हणाल्या, चिमट्याने वाकवलं तर मोडतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी दुपारी दादा स्वयंपाकघरात आले, चिमटा घेतला आणि एक पट्टी गॅसवर धरली. घरभर तो वास झाला. त्यांनी ती ठेचली, धागे मोकळे केले, बशीत घातले. बशी हातात घेऊन क्षणभर त्यांना कुठे जावं ते समजलं नाही. मग ती त्यांनी माझ्यापुढे धरली आणि फडक्याला हात पुसत उभे राहिले.

मी सावकाश चावलं. मीठ अगदी नेमकं होतं. लहानपणी पत्र्यावर बसून चोरून खाल्लेलं, तेच.

"कसं झालंय?"

आईचं ते दरवर्षीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, हेही मला कळत होतं. पण ते तिचं होतं आणि माझ्या तोंडी ते नाटकातलं वाटलं असतं.

"बरोबर झालंय, दादा."

"कमी नाही?"

"नाही."

"जास्त?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, गॅसचं बटण बंद केलं, ते बंदच होतं, पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"मग पुढच्या खेपेला काय बघायचं?" ते म्हणाले.

मी बशी त्यांच्याकडे सरकवली. बोटांवरची खपली परवाच पडली होती आणि खालची कातडी नवीन, गुळगुळीत निघाली होती.